आधी मोकळं काय आहे ते पाहा

इंजिन बंद पडलेली गाडी निदान ढकलता तरी येते. न्यूट्रलला टाकायची, दोघांनी मागून जोर लावायचा आणि कडेला घ्यायची. ड्राइव्हट्रेन जाम झालेल्या गाडीला ही सोय नाही. इंजिन सुरू असतं, स्टिअरिंग वळतं, दिवे लागतात. फक्त चाकं हलत नाहीत. ॲक्सिलरेटर दाबावा तर इंजिन गुरगुरतं, मागचा भाग खाली दबतो आणि कुठून तरी कर्रकन आवाज येतो. चालत्या गाडीत हे घडलं तर चाकं फरफटतात आणि डांबरावर काळे पट्टे उमटतात.

ड्राइव्हट्रेन म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या फिरत्या भागांची सगळी रांग: क्लच किंवा टॉर्क कन्व्हर्टर, गिअरबॉक्स, मागे ताकद वळवणारा ट्रान्स्फर, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि शेवटी ॲक्सल. साध्या गाडीत ही रांग दोनच चाकांपर्यंत जाते. उरलेली दोन नुसती मागून-पुढून लोळत असतात, त्यामुळे जाम कुठल्या टोकाला आहे हे निम्मं आपोआप कळतं. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत चारही चाकं एकमेकांशी बांधलेली असतात. मागच्या सीटखालच्या बेअरिंगने धरलं की पुढची चाकंही अडखळतात. आवाज शाफ्टवरून आणि बॉडीवरून फिरून भलतीकडूनच ऐकू येतो. म्हणून आवाज आला तोच भाग उघडायला घेणं सर्वांत महागात पडतं.

मुरलेला मेस्त्री उलट्या बाजूने सुरुवात करतो. बिघडलेलं काय, हे तो आधी शोधतच नाही. मोकळं काय आहे ते शोधतो. जे हाताने सुखाने फिरतं, ते यादीतून गेलं. अशी यादी लहान होत होत एका जागी येऊन थांबते, आणि तोवर एकही महागडा भाग उघडावा लागलेला नसतो. ही रीत समजून घ्यायची तर चार चाकं एकमेकांशी बांधण्यात मुळात अडचण काय आहे, ते आधी पाहायला हवं.

चार चाकं, चार वाटा

सरळ रस्त्यावर चारही चाकं सारखंच अंतर कापतात. वळणावर तसं होत नाही. आतलं चाक लहान वर्तुळावर फिरतं आणि बाहेरचं मोठ्या वर्तुळावर, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढची चाकंही मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात, हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

आकडे मांडून पाहू. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमध्ये २.६ मीटर अंतर असलेली गाडी घ्या. स्टिअरिंग पूर्ण वळवून ती अशी फिरवा, की मागच्या ॲक्सलचा मध्यबिंदू ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर राहील. पायथागोरसच्या हिशेबाने पुढच्या ॲक्सलची त्रिज्या साधारण ५.६४ मीटर येते. एका पूर्ण फेरीत मागचा ॲक्सल ३१.४ मीटर जातो आणि पुढचा ३५.४ मीटर. फरक ४ मीटरचा. २१५/६५ आर१६ मापाच्या टायरचा घेर सुमारे २.१५ मीटर असतो, म्हणजे पुढच्या चाकांचे जवळजवळ दोन फेरे जास्त झाले. डिफमध्ये, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, शाफ्टची फिरकी ॲक्सलकडे वळवणाऱ्या दात्यांच्या जोडीचं, म्हणजे क्राऊन-पिनियनचं, प्रमाण ४ ला १ असेल, तर शाफ्टच्या भाषेत हा फरक सात फेऱ्यांच्याही वर जातो. सोसायटीच्या आवारात गाडी एकदा गोल फिरवली, तर एवढा फरक कुठे तरी जिरवावा लागतो.

एकाच ॲक्सलवरच्या दोन चाकांमधला फरक जिरवायला डिफरन्शियल असतं. फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं होतं. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधल्या फरकासाठी मात्र मध्ये आणखी एक तजवीज लागते. जुनी जीप, १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी, नाशिकला बनणारी महिंद्रा थार या गाड्यांत ती नसते. त्यांचा फोर-व्हील-ड्राइव्हचा लिव्हर ओढला की पुढचे आणि मागचे शाफ्ट सरळ एकमेकांत अडकतात. चिखलात किंवा वाळूत याचा त्रास होत नाही, कारण चाकं थोडी घसरतात आणि फरक जमिनीवरच सुटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही. फरक मग शाफ्टमध्ये पीळ होऊन साठत जातो. दोन-चार घट्ट वळणांनंतर गाडी ब्रेक लावल्यासारखी अडते, आणि फोर-व्हीलचा लिव्हर दोन्ही हातांनी ओढला तरी बाहेर येत नाही. नवा मालक घाबरून गॅरेजला फोन लावतो. प्रत्यक्षात मोडलेलं काहीच नसतं. सरळ रेषेत थोडं मागे घेतलं, किंवा एक चाक जॅकवर उचललं, की पीळ सुटतो आणि लिव्हर आपसूक परत येतो.

प्रत्येक तोडग्याची बिघडायची एक दिशा

रोजच्या वापरातल्या ऑल-व्हील-ड्राइव्ह गाड्यांनी हा फरक जिरवायला वेगवेगळे मार्ग काढले. १९६६ ची ब्रिटिश जेन्सन एफएफ, १९८० मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात आलेली ऑडी क्वाट्रो, असा हा प्रवास आहे. जाम शोधणाऱ्याला यातला इतिहास तोंडपाठ नसला तरी चालेल. हाताखालच्या गाडीत कोणता तोडगा आहे आणि तो बिघडला की कुठल्या बाजूला झुकतो, एवढं मात्र माहीत असायलाच हवं. काही रचना बिघडल्या की सैल पडतात, काही बिघडल्या की घट्ट होतात.

पहिला तोडगा म्हणजे मधोमध तिसरं डिफरन्शियल. दातांची ही रचना ऑइल असेतो वर्षानुवर्षं टिकते. ऑइल गेलं, किंवा एक ॲक्सल चिखलात वेड्यासारखा फिरत राहिला आणि दुसरा जागच्या जागी थांबला, तर आतल्या लहान दात्यांवर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत स्टार गिअरवर, सगळा भार येतो. ते आपल्या पिनवर प्रचंड वेगाने फिरतात, तापतात आणि कधी कधी पिनलाच चिकटून बसतात.

दुसरा तोडगा व्हिस्कस कपलिंगचा. बंद डब्यात भोकं पाडलेल्या पातळ चकत्या असतात. एक चकती पुढच्या शाफ्टची, तिच्या शेजारची मागच्या शाफ्टची, अशी त्यांची उतरंड लागते आणि मधल्या फटींत दाट सिलिकॉन तेल भरलेलं असतं. दोन्ही शाफ्ट जवळपास सारख्या वेगाने फिरत असले, तर तेल अडवत नाही. वेगात फरक पडला की तेल घुसळलं जातं, तापतं आणि फुगतं. फार तापलं तर आतला दाब इतका वाढतो, की चकत्या एकमेकींना टेकतात आणि कपलिंग जवळजवळ घट्ट होतं. चिखलातून निघायला हे फायद्याचं असतं. पण वारंवार तापून जुनं झालेलं कपलिंग थंडपणीही घट्टच राहू लागतं. १९९७ च्या पहिल्या पिढीतल्या लँड रोव्हर फ्रीलँडरमध्ये मधलं डिफरन्शियल नव्हतं, शाफ्टमध्ये बसवलेलं असं एक कपलिंगच सगळा भार घेत होतं. ते घट्ट झालं की भार पुढच्या दाती पेटीवर, म्हणजे मागे ताकद वळवणाऱ्या ट्रान्स्फरवर, आणि मागच्या डिफवर जातो.

तिसरा तोडगा आज सर्वांत जास्त दिसतो: तेलात भिजलेल्या क्लच प्लेटांचा गठ्ठा, आणि तो दाबायला संगणकाचा हुकूम. गंमत अशी, की हा हुकूम प्रत्येक गाडीत एकाच दिशेने चालत नाही. सुबारूच्या चार गिअरच्या जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये मागच्या क्लचचा दाब एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, सोडतो. सोलेनॉइडला वीज मिळेनाशी झाली, वायर तुटली किंवा तो जळला, तर क्लच पूर्ण घट्ट बसतो आणि गाडी वळणावर अडू लागते. उलट १९९८ पासून फोक्सवॅगन आणि ऑडीच्या गाड्यांत आलेलं हॅल्डेक्स कपलिंग, किंवा २०१४ मध्ये भारतात आलेल्या रेनो डस्टर एडब्ल्यूडीतलं विद्युतचुंबकी कपलिंग, वीज गेली की सैल पडतं आणि गाडी पुढच्या दोन चाकांवर चालत राहते. डस्टर वळणावर अडत असेल तर नुसत्या फ्यूजवर संशय घेण्यात अर्थ नाही. त्याच लक्षणासाठी जुन्या सुबारूत वायरिंग आणि सोलेनॉइडपासूनच सुरुवात करायची.

त्या सुबारूत कंपनीनेच तपासाची सोयही ठेवलेली आहे. बॉनेटखाली एफडब्ल्यूडी (फ्रंट-व्हील-ड्राइव्ह) लिहिलेली फ्यूजची एक रिकामी जागा असते. तिथे फ्यूज लावला की संगणक सोलेनॉइडला सतत वीज देतो आणि मागची चाकं सुटतात. फ्यूज लावून अडणं थांबलं, तर सोलेनॉइड, वायर आणि प्लेटा ठीक आहेत. दोष हुकमात आहे, किंवा तो हुकूम द्यायला लावणाऱ्या कारणात, उदाहरणार्थ असमान टायरमध्ये. फ्यूज लावूनही अडतच राहिली, तर दोष सोलेनॉइडमध्ये, त्याच्या वायरिंगमध्ये किंवा प्लेटांमध्येच. एका फ्यूजने यादी निम्मी होते.

रस्त्यावरचे तीन प्रश्न

गाडी उचलण्याआधी मेस्त्री मालकाला जे विचारतो, त्यात अर्धा तपास असतो. पहिला प्रश्न ठरलेला: “साहेब, मागे जाते का?”

मागे गेली तर बरंच काही कळतं. साठलेला पीळ मागे घेताना सुटतो. दात्याचा तुटलेला तुकडा दोन दातांमध्ये अडकला असेल, तर उलट फिरवल्यावर तोही क्षणभर मोकळा होतो आणि पुन्हा पुढे जाताच ठक्क करून धरतो. बेअरिंग तापून चिकटलं असेल, तर ते पुढेही नाही आणि मागेही नाही.

दुसरा प्रश्न: झालं कसं? नुसत्या हळू वळणावर अडते आणि सरळ रस्त्यावर सुतासारखी चालते, म्हणजे पीळ किंवा कपलिंग. वेग वाढेल तसा वाढणारा घूं-घूं आवाज काही दिवस येत होता, मग जळका वास आला आणि मग धरलं, म्हणजे ऑइल किंवा बेअरिंग. काही कल्पना नसताना धाडकन आवाज झाला आणि तिथेच थांबली, म्हणजे काही तरी तुटलं. इंजिनच जाम झालं असेल, तर मॅन्युअल गाडी क्लच दाबताच मोकळी होते. ऑटोमॅटिक असेल तर न्यूट्रलला हलते. तसं झालं, तर ड्राइव्हट्रेनचा तपास तिथेच संपतो.

तिसरा प्रश्न, हा जाम की ब्रेक? कोकणात पावसाळ्यात चार-आठ दिवस हँडब्रेक ओढून उभी केलेली गाडी हलेनाशी होते, कारण मागच्या ड्रमला लायनर गंजून चिकटलेले असतात. कधी लायनर शूवरून सुटून ड्रममध्येच आडवा पडतो आणि एक चाक पक्कं धरतो. घाटात ऑटोमॅटिक गाडी नुसती पीवर टाकून उतरलात, तर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या छोट्या खुंटीवर लटकतं आणि नंतर लिव्हर हलत नाही. आधी ब्रेक, मग हँडब्रेक, आणि शेवटी पी, हा क्रम पाळला तर हा प्रसंग येत नाही. ब्रेकने धरलेलं चाक ओळखायला हब तपासायचे. गाडी थांबल्या थांबल्या चारही रिमजवळ हात नेऊन पाहायचा. टेकवायचा नाही, पोळेल. लांबून तापमान दाखवणारं छोटं यंत्र मिळतं, ते असेल तर उत्तम. हायवेवरून आलेल्या चांगल्या गाडीचंही डिफ गरमच असतं, म्हणून एकट्या आकड्याला अर्थ नाही. चार हब एकमेकांशी ताडायचे, आणि पुढचं डिफ मागच्याशी.

या टप्प्यावर एक गोष्ट कटाक्षाने टाळायची. अडलेल्या गाडीला ॲक्सिलरेटर देऊन “सोडवून” पाहायचं नाही. पीळ असेल तर शाफ्टच्या जोडाचा क्रॉस तुटतो. तुकडा अडकला असेल तर डिफचं बीड फुटतं. हजारांत भागणारं काम लाखावर जातं.

चारही चाकं हवेत

पुढचा तपास गाडी उचलून. एकच ॲक्सल उचलून इंजिन चालू करणं ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीत जीवघेणं ठरू शकतं, कारण जमिनीवरच्या चाकांना ताकद मिळाली की गाडी स्टँडवरून उडी मारते. म्हणून लिफ्टवर, नाहीतर चार भक्कम स्टँडवर, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मग एक एक चाक हाताने फिरवायचं आणि तीन गोष्टींवर नजर ठेवायची: हे चाक, त्याच ॲक्सलवरचं समोरचं चाक आणि मधला शाफ्ट.

इथे डिफरन्शियलचा एक साधा नियम मदतीला येतो. क्राऊनच्या फेऱ्या म्हणजे दोन्ही चाकांच्या फेऱ्यांची सरासरी. क्राऊन जागेवर थांबलेला असेल, तर सरासरी शून्य राहायला हवी. म्हणून एक चाक पुढे फिरवलं की दुसरं तितकंच मागे फिरतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे विचित्र वाटतं. मेस्त्रीला त्यातून उत्तर मिळतं.

दुसरं चाक उलट फिरलं आणि शाफ्ट हलला नाही, तर त्या ॲक्सलची दोन्ही चाकं, हब, ब्रेक, दोन्ही ॲक्सल आणि आतले स्टार गिअर मोकळे ठरले. एका हाताने एवढे सगळे भाग यादीतून गेले. जाम असलाच तर तो क्राऊन-पिनियनपासून पुढे कुठे तरी आहे. “असलाच तर” हे महत्त्वाचं, कारण धडधाकट गाडीतही गिअर घातलेला असताना असंच होतं. ही चाचणी दोष दाखवत नाही, मोकळेपणा दाखवते.

दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरली, आणि गाडीत दोन्ही चाकांना थोडंफार एकत्र धरून ठेवणारं लिमिटेड स्लिप डिफ नसेल, तर स्टार गिअर चिकटलेले आहेत.

एक चाक मुळीच हलत नाही, पण समोरचं फिरतं आणि त्याच्याबरोबर शाफ्टही फिरतो, तर न हलणाऱ्या चाकाला त्याच्याच बाजूचं काही तरी धरून आहे: ब्रेक, हबचं बेअरिंग किंवा ॲक्सलचा सीव्ही जॉइंट. या जॉइंटमध्ये सहा गोळ्या एका पोलादी पिंजऱ्यात बसतात. रबरी बूट फाटून ग्रीस गेलं, माती शिरली आणि पिंजरा तडकला, की गोळी खाचेबाहेर आडवी अडकते. बूटभोवती हबच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर शोध तिथेच संपू शकतो.

दोन्ही चाकं हलेनाशी असतील, तर यादीत दोन्ही बाजूंचे ब्रेक आणि डिफ स्वतः राहतं; लिमिटेड स्लिप डिफ असेल, तर त्याच्या पुढचं सगळंही. आता शाफ्ट काढायचा.

मधोमध तोडा

प्रोपेलर शाफ्ट हा तपासातला सर्वांत उपयोगी सांधा. बहुतेक गाड्यांत चार बोल्ट काढले की तो मागच्या डिफपासून सुटतो आणि गाडीचे दोन स्वतंत्र भाग होतात. काढण्याआधी दोन्ही फ्लेंजवर आरपार रंगाची एक रेघ मारायची, म्हणजे परत लावताना तो त्याच जागी बसेल आणि बॅलन्स बिघडणार नाही. गाडी जमिनीवर असताना बोल्ट सोडायचे नाहीत. शाफ्टमध्ये पीळ भरलेला असेल, तर शेवटचा बोल्ट सुटताना तो झटक्यात फिरतो आणि पान्यासकट हात घेऊन जातो. चाक हवेत असलं की पीळ आधीच उतरलेला असतो.

आता मागच्या डिफच्या फ्लेंजला दोन्ही हातांनी धरून फिरवायचं. चांगला पिनियन किंचित जड, पण एकसारखा फिरतो. डावी-उजवीकडे हलवल्यावर दातांमधली थोडीशी मोकळीक, बारीकशी टिक्-टिक् जाणवते. ठरावीक जागी अडकत-अडकत फिरला तर बेअरिंगच्या चकत्या खरवडल्या आहेत. मुळीच नाही फिरला, तर जाम सापडला. मागचं टोक मोकळं निघालं, तर पुढची चाकं आणि शाफ्टचं पुढचं टोक फिरवून पाहायचं.

खरी मजेची गाडी ती, जिचं पुढचं टोक मोकळं, मागचं टोक मोकळं, पण शाफ्ट जोडला की अडते. इथे कुठलाच भाग जाम नसतो, जाम असतो दोघांच्या नात्यात. मग तीनच शक्यता उरतात. एक, मधलं कपलिंग किंवा क्लच घट्ट बसलेला आहे. दोन, टायर असमान आहेत. तीन, कुणी तरी जुन्या बाजारातून भलत्याच प्रमाणाचं डिफ आणून बसवलं आहे. सुबारूच्या डिफमध्ये ४.११ आणि ४.४४ अशी दोन्ही प्रमाणं सापडतात, आणि बाहेरून दोन्ही डिफ सारखीच दिसतात. पुढे एक आणि मागे दुसरं बसलं, तर दर किलोमीटरला शाफ्टचा दीडशेच्या आसपास फेऱ्यांचा तंटा होतो. मधला भाग कितीही चांगला असला तरी तो फार दिवस तग धरत नाही.

व्हिस्कस कपलिंगची परीक्षा वेगळी आणि अगदी सोपी आहे. मागचं एकच चाक उचलायचं, इंजिन बंद ठेवून गिअर घालायचा, पुढच्या चाकांना अडसर लावायचा आणि हँडब्रेक सोडायचा. चाकाच्या मधल्या नटवर लांब टॉमी, म्हणजे पोलादी दांडा, आडवी लावून तिच्या टोकाला वजन टांगायचं. चांगलं कपलिंग हळूहळू, पण न थांबता तिला खाली येऊ देतं. टॉमी जागच्या जागी राहिली किंवा तासभर घेऊ लागली, तर आतलं तेल कामातून गेलं आहे.

ऑइलची साक्ष

डिफ उघडण्याआधी त्याचं ऑइल काढायचं. त्यातही एक जुनी शिस्त आहे: आधी भरायचा प्लग सैल करायचा, मग खालचा. भरायचा प्लग गंजून बसलेला असेल आणि खालचा आधी काढला, तर ऑइल जमिनीवर, आणि परत भरायची वाट बंद.

खालच्या प्लगच्या टोकाला बहुधा चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला, तर घाबरायचं कारण नाही. दात एकमेकांवर घासून निघालेली ती रोजची झीज आहे. बोटांत चोळल्यावर टोचणाऱ्या सुईसारख्या कपच्या असतील, तर बेअरिंग उकलू लागलं आहे. कोनाकृती, एका बाजूने चकचकीत तुकडा हाती लागला, तर तो दाताचा. त्याची तुटलेली बाजू उजेडात धरायची. ती सगळीच करडी आणि खडबडीत असेल, तर दात एका फटक्यात तुटला. अर्धी बाजू गुळगुळीत काळपट आणि अर्धी ताजी असेल, तर तडा फार आधी गेला होता आणि आज फक्त शेवट झाला.

गिअर ऑइलला नव्यातही गंधकाचा उग्र वास असतो. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. साधं तेल त्या दाबाखाली टिकत नाही, म्हणून जीएल-५ दर्जाच्या ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात. जळलेल्या ऑइलचा वास त्याहून तीव्र, घशात जाणारा येतो, आणि ते काळं, डांबरासारखं चिकट होतं. ऑइल दुधाळ निघालं, तर आत पाणी शिरलं आहे.

कारणामागचं कारण

जाम झालेला भाग सापडला, बदलला, गाडी चालू झाली. अनेक ठिकाणी काम इथेच संपतं. खरं तर आणखी एक प्रश्न विचारायचा राहतो: हा भाग जाम का झाला?

डिफमध्ये ऑइल असतं किती? सुबारूच्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या डिफमध्ये जेमतेम ०.८ लिटर. सीलमधून थेंब थेंब गळून ते निम्मं व्हायला फार वेळ लागत नाही, आणि डिफला ऑइलचा दिवा नसतो. पिनियनचं गळकं सील बदलणं सोपं काम समजलं जातं, पण त्याचा मधला नट जास्त आवळला गेला, तर बेअरिंगवर कायमचा ताण येतो आणि ते महिनाभराने तापून धरतं. मालक म्हणतो, सील बदललं तेव्हा तर ठीक होती.

पाण्याचंही तसंच. डिफला श्वास घ्यायला एक बारीक नळी असते. गरम डिफ अचानक पाण्यात बुडालं, की आतली हवा आकसते आणि नळीतून किंवा सीलमधून पाणी ओढलं जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा पाण्यातून निघालेल्या गाडीचं इंजिन, वायरिंग, सीट सगळं तपासलं जातं. डिफचं ऑइल बदलायचं राहिलं, तर बेअरिंगच्या चकत्यांवर गंजाचे खड्डे पडतात आणि ते कित्येक महिन्यांनी गुरगुरू लागतात.

बंद पडलेली ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी क्रेनने पुढून उचलून मागच्या चाकांवर ओढत नेणं हे तर विकतचं दुखणं. एक ॲक्सल थांबलेला, दुसरा फिरणारा. मधलं कपलिंग सगळी वाट घुसळत तापत राहतं. अशी गाडी न्यायची तर चारही चाकं वर, सपाट गाडीवर.

आणि टायर. पुढचे नवे, ८ मिलिमीटर खाचेचे. मागचे झिजून ३ मिलिमीटरवर आलेले. घेरातला फरक ३१ मिलिमीटरचा. दर किलोमीटरला शाफ्टचे पंचवीसेक फेरे जुळत नाहीत, तेही सरळ रस्त्यावर, एकही वळण न घेता. सुबारूने चारही टायरच्या घेरातल्या फरकाची मर्यादा पाव इंच, म्हणजे सुमारे ६.४ मिलिमीटर ठेवली आहे. खाचेच्या हिशेबात ती जेमतेम १ मिलिमीटर होते. मोजायला मापाची टेप पुरते: टायरला मधोमध गुंडाळायची, चार आकडे लिहायचे. पंक्चरमुळे एक टायर कामातून गेला आणि दुकानदाराने एकच नवा बसवून दिला, की साध्या गाडीचं काही बिघडत नाही. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीचं कपलिंग मात्र त्या दिवसापासून तापायला लागतं.

त्या जुन्या फ्रीलँडरची गोष्ट नेमकी इथे उपयोगी पडते. तिची पुढची दाती पेटी फुटते, म्हणून तीच दोषी दिसते आणि तीच बदलली जाते. घट्ट झालेलं व्हिस्कस कपलिंग आणि असमान टायर तसेच राहतात, आणि नवी पेटी त्याच भाराखाली पुन्हा फुटते. तुटलेला भाग बहुधा सर्वांत कमजोर असतो, सर्वांत दोषी असेलच असं नाही. म्हणून नवा भाग बसवण्याआधी टेप घेऊन चार टायर मोजायचे, शाफ्ट जोडण्याआधी कपलिंग तपासायचं, आणि जुन्या ऑइलचा डबा फेकण्याआधी त्यातला गाळ पाहायचा. या तिन्हींना मिळून तासाभराचा वेळ लागतो, आणि दुसऱ्या जामाचा खर्च वाचतो.